गाडीचे पुढचे स्पीकर घेताय? आधी दार उघडा, मग दुकान गाठा

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत सायन सर्कलला भर पावसात बायकोने रिक्षावाल्याला रस्ता विचारायला काच पूर्ण खाली केली. आत कशावर तरी खट्‌कन आवाज झाला आणि काच परत वर येईना. दोनच दिवसांपूर्वी हौसेने बसवलेल्या नव्या स्पीकरच्या मॅग्नेटवर ती आपटली होती आणि खाचेतून सुटली होती. एसीमुळे तोवर काच पूर्ण खाली घ्यायची वेळच आली नव्हती. सायनपासून मुलुंडपर्यंत बिचारी गाडीच्या आत छत्री धरून बसली.

स्पीकर वाईट नव्हता. तो माझ्या दारासाठी नव्हता, एवढंच. घरच्या स्पीकरला त्याचं स्वतःचं लाकडी खोकं असतं. गाडीत ते काम दार करतं, आणि मुंबईत त्या दारात चार महिने पाणी उतरत असतं. म्हणून निवडीची सुरुवात दारापासून.

पट्टी घेऊन दार मोजा

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं प्लास्टिक, हँडलच्या मागे आणि आर्मरेस्टमध्ये लपलेल्या स्क्रूंवर आणि कडेच्या क्लिपांवर बसलेलं असतं. स्वतः काढायची हिंमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून काढून घ्या, पण मापं स्वतः घ्या. काच पूर्ण खाली करा. मग पत्र्याच्या भोकापासून काचेपर्यंत आत किती जागा उरते ते मोजा. स्पीकरच्या खोक्यावर ‘माउंटिंग डेप्थ’ लिहिलेली असते. ती या मापापेक्षा किमान अर्धा सेंटीमीटर कमी हवी, कारण खड्ड्यांत काचही हलते. दुसरं माप पुढच्या बाजूचं: पत्र्यापासून डोअर पॅडच्या जाळीपर्यंत. ट्वीटर, म्हणजे बारीक सूर काढणारा छोटा स्पीकर, पुढे आलेला असेल तर तो जाळीला टेकतो आणि मग प्रत्येक गाण्यात एक किरकिर ऐकू येते.

व्यासाचं म्हणाल तर आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची बसतो, काहींत सव्वापाच इंची. ‘सहा बाय नऊ’वाले अंडाकृती मागच्या ट्रेवर शोभतात, पुढच्या दारासाठी त्यांचा हट्ट धरू नका.

जागा कमी पडली तर पत्रा आणि स्पीकरच्या मध्ये रिंग घालतात. दुकानात पटकन एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग पुढे करतील, कारण ती कापायला सोपी. एमडीएफ पाणी पितो आणि फुगतो. एक पावसाळा गेला की स्क्रूची पकड गेलीच. प्लास्टिकची रिंग मागा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका

स्पीकरवर मोठ्या अक्षरांत ‘३०० वॅट’ असतं आणि स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’. दोन्ही आकडे बाजूला ठेवा.

चालू गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. वेगळा अॅम्प्लिफायर नसलेला स्टिरिओ तेवढ्याच व्होल्टवर काम भागवतो आणि गाडीच्या स्पीकरचा विजेला होणारा अडथळा सहसा ४ ओहम असतो. एवढ्या व्होल्टेजमध्ये स्वच्छ, न फाटलेला आवाज दर स्पीकरला फार तर २६ वॅट निघू शकतो. त्यातून चिपमध्ये वाया जाणारं वजा केलं की हातात राहतात १८–२०. मग ते ५० आले कुठून? आवाज पूर्ण फाटेपर्यंत खेचला, की तेवढ्याच व्होल्टवर गणित ५०च्या आसपास जातं. म्हणजे तो आकडा खोटा नाही, पण त्या पातळीला गाणं गाणं राहत नाही.

म्हणून स्पीकरच्या कागदावर दोन गोष्टी शोधा. एक, ‘आरएमएस’ वॅट, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद. ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ नव्हे. दोन, ‘सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे दिलेल्या ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो, ते डेसिबलमध्ये. दर ३ डेसिबलला लागणारी ताकद दुप्पट होते. ९२ डेसिबलचा स्पीकर २० वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढंच वाजायला ८६वाल्याला ८० वॅट लागतील. अॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर ९० किंवा त्यावरचा बघा. इथे एक गोम आहे. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी १ वॅटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे तो आकडा आयताच ३ने फुगतो. तुलना करताना तेवढे वजा करा.

ओहमही बघून घ्या. काही स्पीकर ४ऐवजी ३ किंवा २ ओहमचे असतात. स्टिरिओच्या पुस्तिकेत तेवढ्याची परवानगी नसेल तर चिप तापते.

जोडलेले की सुटे?

कोअॅक्सिअलमध्ये ट्वीटर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पोटातच बसवलेला असतो. कॉम्पोनंटमध्ये वूफर दारात, ट्वीटर वर आरशाच्या कोपऱ्यात किंवा डॅशवर, आणि दोघांना आपापला वाटा देणारा क्रॉसओव्हर वेगळा. दारातला आवाज गुडघ्यांवर आपटतो, म्हणून ट्वीटर कानाच्या उंचीला आला की गायक पायाशी न बसता समोर काचेपाशी उभा राहिल्यासारखा वाटतो. माझं मत विचाराल तर कंपनीने ट्वीटरची जागा आधीच दिली असेल तर कॉम्पोनंटच घ्या. नसेल तर बरा कोअॅक्सिअल निम्म्या डोकेदुखीत काम भागवतो. फक्त ट्वीटरसाठी काचेशेजारच्या खांबाला भोक पाडू देऊ नका. पडदा एअरबॅग असलेल्या गाडीत ती त्याच खांबाच्या आतून जाते.

‘फोर-वे’ म्हणून चार बुचं लावलेला स्पीकर दाखवतील. बघायला छान. एक चांगला वूफर आणि एक चांगला ट्वीटर त्याला सहज मागे टाकतो.

साहित्य पाण्याच्या हिशोबाने निवडा. पॉलिप्रॉपिलिनचा किंवा वरून लेप दिलेला कागदी कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, आणि कडेला रबर. फोमची कडा आपल्या दमट हवेत काही वर्षांत हाताला लागून भुगा होते. ट्वीटर रेशमी किंवा कापडी घुमटाचा असेल तर पेडर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर ऐकूनही कान शिणत नाहीत. धातूचा ट्वीटर दुकानात चकचकीत ऐकू येतो, आणि ग्राहक नेमका तिथेच फसतो.

ऐकायला जाताना

लॅमिंग्टन रोड किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, कुठेही गेलात तरी भिंतीवर स्पीकरांची रांग असते आणि मागे दणकट अॅम्प्लिफायर. मालक विचारेल, “भाऊ, बेस पाहिजे ना?” आणि उत्तराआधीच आवाज वाढवेल. मोठा वाजणारा स्पीकर चांगलाच वाटतो, हा कानाचा स्वभाव आहे. दोन्ही स्पीकर सारख्या आवाजात ऐकवायला लावा. लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. असा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा मिळत नाही, पण चालतं.

आपली गाणी पेनड्राइव्हमध्ये न्या, नीट रेकॉर्ड झालेली. एक तबल्याचं: डग्ग्याची मींड घसरत खाली जाते ती ऐकू येते, की नुसतं ‘धुम्म’? एक भजन: टाळ किणकिणतो, की पत्र्यासारखा खणखणतो? आणि एक बाईच्या आवाजातलं भावगीत. ‘स’, ‘श’, ‘छ’वर कानात सुई टोचली तर तो स्पीकर नको, बाकी कितीही गोड असला तरी. शेवटी आवाज अगदी कमी करून शब्द कळतात का ते बघा. खालचा बेस मात्र तिथे जोखू नका. हायवेवर टायरची घरघर तो खाऊन टाकते.

पैसे कुठे घालायचे

मागच्या स्पीकरांचे पैसे वाचवा. कंपनीचे राहू द्या. त्या पैशांत पुढच्या दारांना डॅम्पिंग करा, म्हणजे आतल्या पत्र्यावर ब्युटिल शीट (चिकट रबरी पत्रक) लावा आणि आतल्या बाजूची मोठी भोकं बंद करा. स्पीकरच्या मागचा आवाज त्या भोकांतून पुढे आला की पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस जातो. साधा स्पीकर बंद दारात जेवढा भरीव वाजतो, तेवढा महागडा उघड्या दारात वाजत नाही.

पण दाराच्या तळाची छोटी भोकं कधीच बुजवू नका. काचेच्या रबरामधून पाणी आत येतंच, ते तिथूनच बाहेर जातं. डोअर पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागदही तसाच महत्त्वाचा. घाईत कारागीर तो फाडून फेकतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा ओला होतो. फाटला तर ब्युटिल टेपने परत चिकटवायला लावा.

वायरी कापू देऊ नका, गाडीच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या प्लगला, बसणारा अॅडॅप्टर मागा. वॉरंटीत असलेल्या गाडीला तर नक्कीच.

बसवून झाल्यावर, पैसे देण्याआधी

डाव्या-उजव्या स्पीकरचा बॅलन्स मधोमध ठेवून गाणं लावा. बेस पोकळ वाटला आणि एका बाजूला नेल्यावर भरून आला, तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या आहेत. बसवण्याआधीच तपासायचं तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर येतो. ट्वीटरवर हा प्रयोग नको.

स्टिरिओत हाय-पास फिल्टर, म्हणजे अगदी खालचे सूर अडवणारी सोय, असेल तर ८० हर्ट्झला लावा. दारातल्या छोट्या वूफरवरचा खालचा भार हलका होतो आणि आवाज मोकळा होतो.

मग दोन्ही काचा पूर्ण खाली, पूर्ण वर, दोनदा. बाटलीभर पाणी काचेवरून ओता आणि ते दाराच्या तळातून टपकतंय का ते वाकून बघा. जुने स्पीकर, त्यांचे स्क्रू आणि कपलर मागून घ्या. दुकानदार “काय करणार त्याचं?” म्हणेल. पिशवीत घालून माळ्यावर टाका. गाडी विकायच्या आदल्या रविवारी नवे काढून तेच परत बसवायचे आहेत.