हॉस्टेलवर करमत नाहीये? मग हे वाच

घरचे सोडून परत गेले, बॅग अजून अर्धीच उघडलेली, आणि रूमवर एकदम शांतता... तेव्हा जे पोटात तुटतं ना ते जवळजवळ सगळ्यांचंच तुटतं, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. आणि हे काही आजकालच्या पोरांचं नाजूकपण वगैरे नाहीये. १६८८ मधे योहानेस होफर नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने याच दुखण्यावर प्रबंध लिहिला, 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दही त्यानेच बनवला, आणि त्यातली एक केस म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून बाझलला शिकायला आलेला मुलगा, जो घरच्या आठवणीने पार आजारी पडला आणि त्याला घरी न्यायला निघाले तर वाटेतच बरा व्हायला लागला.

म्हणून काय लगेच घरी पळायचं असं नाही हं. माझं स्पष्ट मत, सुरुवातीचा महिना-दीड महिना जमेल तितके शनिवार-रविवार हॉस्टेलवरच काढ. कारण ओळखी होतात त्याच दोन दिवसांत, आणि दर शुक्रवारी बॅग भरून निघालं की सोमवारी परत पाहुण्यासारखंच वाटतं.

आठवण सगळ्यात जास्त कधी येते बघ, लेक्चर चालू असताना नाही, संध्याकाळी रिकाम्या वेळेत आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी. मग तोच वेळ आधी भरायचा. रोज ठरलेल्या वेळी ग्राउंडवर जा, लायब्ररीत बस, एखाद्या क्लबला नाव दे, एकच पण नियमित, कारण तीच तीच माणसं परत परत दिसली की ओळख आपोआप वाढते, त्यासाठी फार बोलकं असावं लागत नाही. रूमवर असताना दार थोडं उघडं ठेवलं तरी येणाराजाणारा डोकावतो.

घरी फोन जरूर कर पण वेळ ठरवून. दर तासाला मेसेज चालू राहिले तर शरीर इकडे आणि मन तिकडे असं होतं, आणि रडू आलं की त्याच क्षणी फोन लावला तर आपण दहा मिनिटांत सावरतो पण तिकडे आई रात्रभर जागी राहते. पाणी पी, एक चक्कर मारून ये, मग लाव. लपवायचं मात्र काहीच नाही, करमत नाहीये हे सरळ सांगायचं.

रूममेटशी लाइट कधी बंद करायचा, अलार्म, मित्र रूमवर आणणं हे पहिल्याच आठवड्यात बोलून घे, तेव्हा ते सोपं असतं, दोन महिने मनात साठवून मग बोललं की भांडणच होतं. जिवलग मैत्री झालीच पाहिजे असंही नाही, नीट पटलं तरी खूप झालं.

पैसे महिन्याचे एकदम आले तरी चार आठवड्यांत वाटून ठेव. आणि झोप! निदान ७ तास हवीच, अपुऱ्या झोपेत प्रत्येक गोष्ट दुप्पट जड वाटते. संध्याकाळी ५ ला घेतलेल्या कॉफीतलं साधारण अर्धं कॅफिन रात्री १० लाही अंगात असतं, तेवढं लक्षात ठेव.

अधूनमधून रडू येणं वेगळं. पण सलग २ आठवडे जवळपास रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलीय, लेक्चरला जावंसंच वाटत नाही, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जा, आणि जगणंच नको असं मनात आलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांग, वॉर्डन, मित्र, घरचे, कोणीही चालेल.

आणि एक, पहिल्या मोठ्या सुट्टीनंतर परत आल्यावर पुन्हा पहिल्या दिवसासारखंच होतं. आपण मागे गेलो की काय असं वाटतं, पण तसं नसतं, दोन-चार दिवसांत निवळतं. त्या रात्री बॅग लगेच रिकामी करून टाक, आणि जेवायला एकटं जाऊ नकोस, शेजारच्या रूमचं दार वाजव.