सेन्सर बदलण्याआधी वायर बघा: कूलंट सेन्सरच्या जोडणीतला दोष

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर पी ०११८ हा दोषाचा कोड दाखवतो आणि लगेच कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे तापमान मोजणारा) बदलला जातो. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर. खरा घोटाळा बऱ्याचदा सेन्सरपासून वीतभर अंतरावर, कपलरच्या (सेन्सरला वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनेत किंवा त्यामागच्या वायरीत असतो.

हा सेन्सर बहुतेक गाड्यांत दोन वायरींचा असतो, एक सिग्नलची आणि एक अर्थची. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, त्याला ५ व्होल्ट देतो. इंजिन तापेल तसा सेन्सरचा रोध उतरतो: नेहमीच्या प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ९० अंशांना सुमारे २४०. वायर तुटली की स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात आणि कोड पी ०११८ येतो. दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या तर आकडा १३० च्या वर जातो आणि कोड पी ०११७ येतो. वायर तुटलेली असेल तर गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त खाते, फॅन थांबत नाही. तापमान कळेना म्हणून ईसीयूच तो खबरदारी म्हणून चालू ठेवतो.

अर्धवट दोष जास्त छळतो. पिनेवर हिरवट क्षार साचून २०० ओहमचा जादा रोध तयार झाला, तर थंड इंजिनात अडीच हजारांपुढे तो फारसा जाणवत नाही. गरम इंजिनात मात्र २४० चे ४४० होतात आणि ९० अंशांचे ईसीयूला ७० दिसतात. इंजिन तापलेले असूनही कोड येत नाही, नुसते मायलेज पडते.

तपासणी थंड इंजिनावरच करा. इग्निशन ऑन ठेवून कपलर काढा. इथे हात पंख्यापासून लांब ठेवा, कारण कपलर निघताच फॅन फिरू शकतो. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन पिनांमध्ये मोजा. ५ च्या आसपास यायला हवेत. नाही आले, तर काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल आळीपाळीने दोन्ही पिनांवर ठेवा. आता एकीवर ५ आले तर अर्थची वायर गेली, दोन्हींवर शून्यच असेल तर सिग्नलची. टेस्ट लॅम्प इथे वापरू नका, तो ईसीयूवर भार टाकतो.

व्होल्ट बरोबर असतील तर बारीक वायरच्या तुकड्याने दोन्ही पिना जोडा. स्कॅनरचा आकडा उणे ४० वरून एकदम वर उडाला तर वायरिंग ठीक आहे, आता सेन्सरचा रोध मोजा. मग कपलर परत लावून इंजिन चालू करा आणि स्कॅनरवर नजर ठेवत वायर ठिकठिकाणी हलवा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष. मल्टीमीटरच्या कंटिन्युइटीच्या (वायर अखंड असल्याच्या) बीपवर विसंबू नका. सोळा तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. संशयित भाग हलकेच ओढा: वरचे प्लास्टिक रबरासारखे ताणले तर आतले तांबे तुटलेले आहे. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येतात, त्यांचे दातही शोधा. सुई टोचून वायर तपासायची सवय वाईट. त्याच भोकातून पाणी शिरते.

दुरुस्तीआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा. तांबे काळे पडले असेल तर चकाकते तांबे लागेपर्यंत वायर कापत जा, काळ्यावर सोल्डर धरत नाही. त्याच जाडीची, बहुधा ०.५ चौरस मिमीची वायर घ्या. गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह आधी ओवा (ही विसरली की सोल्डर पुन्हा उकलावे लागते!), मग पिळून सोल्डर करा आणि स्लीव्ह तापवा. दोन वायरींचे जोड एकासमोर एक न ठेवता किमान अडीच सेंटिमीटर पुढेमागे ठेवा. नुसती इन्सुलेशन टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते. सोल्डरजवळ वायर कडक होऊन तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल टाय लावा.

पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा. पॉलिश पेपर घासला तर वरचा मुलामा निघून क्षार आणखी लवकर धरतो. फाकलेली पिन बारीक टोच्याने आवळा. कपलरची क्लिप तुटली असेल तर वायरींसह नवा कपलर घ्या.

कोड पुसून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी स्कॅनरवर कूलंटचे आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान बघा. दोन्हींत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक नसावा.