झाडं लावताना या चुका टाळा (बेळगाव, खानापूर, अथणीवाल्यांसाठी खास)

पाऊस लागला की नर्सरीत गर्दी आणि गणपती झाले की मला फोन. पानं पिवळी पडली, कळ्या गळाल्या, झाड वाळलं, काय घालू सांगा. काय घालायचं ते नंतर, आधी घेताना काय बघितलं होतं ते सांगा की! फूल बघितलं, दुसरं काय.

सगळ्यात मोठी चूक हीच, माती न बघता झाड घेणं. आपला जिल्हा काय एकसारखा नाही. जांबोटी-कणकुंबीकडं जांभ्याची लाल माती आणि पाऊस नुसता कोसळतोय, अथणी-रायबागला काळी माती, खाली चुनखडी, आणि जूनभर ढगाकडं बघत बसायचं. बेळगावातसुद्धा शहापूर-वडगावच्या शिवारात काळी आणि पश्चिमेकडं लाल. त्यामुळं खानापूरच्या पाहुण्यानं सांगितलेलं अथणीत चालेलच असं नसतंय.

माझी मावसबहीण अथणीला दिलेय. खानापूरला लग्नाला आली, तिथं कुणाच्या तरी दारात अनंताचं झाड असं फुललेलं की बाई वेडीच झाली, जाताना नर्सरीतनं दोन रोपं घेऊनच गेली आणि अंगणात काळ्या मातीत लावली. दिवाळीपर्यंत पानं पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारी म्हणाला युरिया घाल, घातला. कुणी म्हणालं पाणी कमी पडतंय, मग रोज बोअरचं पाणी. मोबाईलवर बघून एप्सम सॉल्ट पण झालं! मी गेलो तेव्हा एक झाड संपलेलं, आणि जिथं पाणी घालत होती तिथं मातीवर पांढरा थर. मी म्हणालो, झाडाला लोह कमी पडलंय.

"दादा, लोह कमी पडलंय म्हणतोस, मग मातीत नाही काय?"

मातीत असतंय गं, भरपूर असतंय, पण चुनखडीच्या मातीत ते असं अडकून बसतंय की मुळांना घेता येत नाही, आणि बोअरचं जड, क्षारांचं पाणी त्यात भरच घालतंय. अनंत, एक्झोरा ही आंबट मातीतली झाडं, जांभ्यात सुखी. उरलेलं झाड मोठ्या कुंडीत लाल माती आणि कुजलेलं खत घालून हलवलं, पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं. वरनं हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ), लिटरला पाच ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून संध्याकाळी पानांवर फवारायला सांगितलं. यानं नवीन पानं हिरवी येतात, पण ही तात्पुरती मलमपट्टी झाली, कायमचा इलाज नव्हे. जमिनीत लावायचंच तर त्या मातीत बोगनवेल, डाळिंब, सीताफळ लावा, झेंडू तर कुठंही येतोय. तिनं शेवटी गेटवर बोगनवेल सोडली, आता ती छाटून छाटून कंटाळलेय.

दुसरं माझं दुखणं म्हणजे कच्चं शेणखत. गोठ्यातनं पाटी आणायची आणि तशीच खड्ड्यात ओतायची, वर रोप. ते खत खड्ड्यातच तापतंय, मुळं भाजतात, आणि वर हुमणीला, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण. आपल्याकडं उसाला हुमणी लागते हे सगळ्यांना ठाऊक, पण ती गुलाबाची मुळंसुद्धा खाते हे कुणाच्या लक्षात येत नाही. वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब, बाभळीवर जमतात, मग मातीत, शेणखतात अंडी घालतात. पुढं भर पावसात झाड मान टाकतंय आणि लोक म्हणतात पाणी जास्त झालं. जरा ओढून बघा, अलगद हातात आलं आणि खाली मुळंच नसली, तर उकरा, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी जाड अळी सापडेल. वेचून काढा, मातीत मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळा. मी तर खत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं झाल्याशिवाय हात लावत नाही, कुणी कितीही घाई करू दे.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. कलमाचा जोड मातीत पुरू नका, आणि जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी पुढं काढा, नाहीतर खोड आवळलं जातंय. गुलाबात जोडाच्या खालनं जोरदार फुटवा आला की लोक खूश होतात, तो जंगली असतोय, मुळापासनं मोडून टाका. कण्हेर विषारी आहे, दारात लहान पोरं किंवा शेळी असेल तर लांब. नारळ कंपाउंडला चिकटून नको, पंचवीस फूट मोकळं पाहिजे, नाहीतर पुढं झावळ्या आणि नारळ शेजाऱ्याच्या गाडीवर. आणि पिशवी काढून लावा हो! हे पण सांगायला लागतंय, पिशवीसकट पुरलेली झाडं मी उकरल्यात.

हल्ली लोकांना रविवारी बाग आणि सोमवारी फोटो पाहिजे. म्हणून सगळ्यात उंच आणि फुलांनी लगडलेलं रोप उचलतात. तसलं रोप बऱ्याचदा पिशवीत मुळं गुंडाळून बसलेलं असतंय, फुलं गळाली की थांबतंय ते थांबतंयच. बुटकं, भरपूर फांद्यांचं, कळ्या नसलेलं घ्या. नर्सरीवाला हसला तर हसू दे.

लावायची वेळ पण बघा. खानापूरकडं जुलैच्या झडीत खड्डा काढला की त्याचं डबकं होतंय, एकतर जूनच्या सुरुवातीला लावा नाहीतर गणपतीनंतर. अथणी-रायबागवाल्यांनी सप्टेंबरचा पाऊस धरावा, तिकडं खरा पाऊस तेव्हाच येतोय, तोवर रोप सावलीत कुंडीतच राहू दे.