गावच्या वन्यप्राणी आराखड्यासाठी मोबाईलवर भरायचा फॉर्म कसा बनवायचा

रोही (नीलगाय), हरणं, रानडुकरं रात्रीतून रान साफ करायलेत ही तक्रार बालाघाटाच्या डोंगरापासून पार हिंगोली-नांदेडपर्यंत आहे, पण कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकात असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असो नाहीतर गावातली चार पोरं, आराखडा करायचा तर हातात नोंदी पाहिजेत, आणि वहीतल्या नोंदी कोण गोळा करत बसणार, म्हणून ऑनलाइन फॉर्म.

आधी लॅपटॉप बाजूला ठेवा आणि कागद घ्या. आराखड्यात शेवटी काय ठरवायचंय ते लिहा: सामूहिक कुंपण कोणत्या बाजूनं, उन्हाळ्यात पाणवठा कुठं भरायचा, राखणीची पाळी कोणत्या महिन्यात लावायची, वनविभागाकडं नेमकं काय मागायचं. आता मनात येणारा प्रत्येक प्रश्न यातल्या एका तरी गोष्टीला उपयोगी पडतो का बघा, नसेल पडत तर काढून टाका. वडिलांचं नाव, शिक्षण, जात असले प्रश्न सरकारी सवयीनं घुसतात, त्यांचं इथं काही काम नाही. दहा-बारा प्रश्नांच्या वर गेलात की माणूस अर्ध्यातच फोन खिशात घालतो.

मग फॉर्म कशावर बनवायचा? घरी बसून शेतकऱ्यांनी भरायचा असेल तर गुगल फॉर्म बरा, फुकट आहे, व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की झालं. पण त्याला नेट लागतंच, आणि जागेचा जीपीएस तो आपोआप घेत नाही. डोंगरात, रेंज नसलेल्या माळावर फिरून नोंद करायची असेल तर कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या वेबसाइटवर फॉर्म बनवा आणि फोनमध्ये तिचं कोबो कलेक्ट हे ॲप टाका, त्यात फॉर्म एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही भरता येतो, फोटो आणि जीपीएस पॉइंट घेता येतो, रेंजमध्ये आल्यावर पाठवायचा. पॉइंट घेताना झाडाखाली नाही, उघड्यावर उभं राहायचं आणि अचूकतेचा आकडा दहा मीटरच्या खाली येईपर्यंत थांबायचं, एवढं मात्र पोरांना बजावून सांगा.

इथून पुढं गुगल फॉर्मचं सांगतो, कोबोतही डोकं तेच लागतं.

पहिला प्रश्न तारखेचा, तो डेट प्रकारातच ठेवा, लिहायला मोकळी जागा दिली की ‘पोळ्याच्या आसपास’ असं उत्तर येतं. वेळेला घड्याळ नको, दिवस मावळताना, रात्री, पहाटे, दिवसा असे चार पर्याय पुरे. जागेसाठी गावातल्या शिवारांची नावं ड्रॉपडाउनमध्ये टाका, लोक ज्या नावानं बोलतात तीच, आणि खाली गट नंबर.

प्राण्याच्या प्रश्नावर मात्र जरा वेळ घालवा. रोही, हरीण, रानडुक्कर, मोर हे सगळ्यांना कळतं, पण रात्री बॅटरीच्या उजेडात लांडगा, कोल्हा आणि खोकड यांत घोळ होतो, म्हणून पर्यायासोबत फोटो लावा, गुगल फॉर्ममध्ये तशी सोय आहे. ‘इतर’ हा पर्याय ठेवाच. २०२४ च्या शेवटी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडचा वाघ धाराशिवमधल्या येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात येऊन पोचला, तो कुणाच्या यादीत होता? प्राण्याच्या प्रश्नाखाली लगेच पुरावा विचारा: स्वतः पाहिला, पाऊलखुणा किंवा विष्ठा दिसली, फक्त नुकसान दिसलं, दुसऱ्यानं सांगितलं. हा एक प्रश्न नसेल तर अफवा आणि नोंद एकाच ओळीत जाऊन बसतात. आणि जे रोज राखणीला किंवा फेरीला जातात त्यांच्यासाठी ‘आज काहीच दिसलं नाही’ असाही पर्याय द्या. नुसत्या दिसलेल्याच नोंदी आल्या तर ज्या रानात जास्त माणसं फिरतात तिथंच जास्त जनावर आहे असं वाटतं.

नुकसानीचे प्रश्न वेगळ्या सेक्शनमध्ये टाका. ‘पिकाचं नुकसान झालं का’ याला हो म्हटलं तरच ते उघडावेत, त्यासाठी प्रश्नाच्या तीन टिंबांवर जाऊन ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ निवडायचं. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं पण शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो, म्हणून एकर आणि गुंठे असे दोन रकाने करा आणि गुंठ्याला रिस्पॉन्स व्हॅलिडेशनमध्ये (चुकीचं उत्तर अडवायची सोय) ० ते ३९ ची मर्यादा लावा, कारण ४० गुंठे झाले की एकर झाला. बेरीज नंतर गुगल शीटमध्ये होते.

फोटो मागायचा मोह होतो, पण फाइल अपलोड लावला की भरणाऱ्याला गुगलमध्ये लॉगिन करावंच लागतं, आणि निम्मी माणसं तिथंच गळतात. फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. आधार नंबर तर चुकूनही मागू नका.

झालं की पब्लिश करा, लिंक असलेल्या कुणालाही भरता येईल असं सेटिंग ठेवा आणि गावभर पाठवायच्या आधी एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात त्याच्याच फोनवर द्या, शेजारी गप्प बसा, तो कुठं अडखळतो ते बघा. तो प्रश्न दुरुस्त करा.

रिस्पॉन्सेसमधून शीट जोडली की महिना आणि शिवार लावून चाळणी मारता येते, ग्रामसभेत तेवढा तक्ता पुरतो. पण मूळ शीट ग्रुपवर उघडी टाकू नका. लांडग्याचं बीळ किंवा मोराचं घरटं नेमकं कुठं आहे हे शिकाऱ्यालाही वाचता येतं. बाहेर देताना फक्त शिवाराचं नाव द्या, गट नंबर नाही.

एक काम हमखास राहतं ते म्हणजे फॉर्म पाठवल्यावर दिसणारा मेसेज. तिथं स्पष्ट लिहा, ‘ही नोंद आराखड्यासाठी आहे, हा भरपाईचा अर्ज नाही. भरपाई पाहिजे असेल तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं वेगळी तक्रार द्या, पंचनामा करून घ्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.’ नाहीतर माणूस फॉर्म भरून निवांत बसतो आणि मुदत निघून जाते.