नवं टपाल तिकीट निघतंय? पहिल्या दिवसाची तयारी

तिकिटाची घोषणा झाली की आधी कागदावर गरज लिहून काढा: सुटी तिकिटं किती, चौकडी (एकमेकांना जोडलेली चार तिकिटं) किती, प्रथम दिवस आवरणं (त्या तिकिटासाठी काढलेली खास पाकिटं, ज्यांवर तिकीट लावून पहिल्या दिवसाचा शिक्का मारतात) किती. स्मारक तिकिटं ठरावीक संख्येतच छापतात, संपली की पुन्हा छापत नाहीत. पण म्हणून अख्खा शीट, म्हणजे तिकिटांचा पूर्ण छापील कागद, उचलायची गरज नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एक चौकडी, दोन सुटी, एक कोरं आवरण, एक शिक्का मारलेलं आवरण आणि माहितीपत्रक पुरे. चौकडी शीटच्या कडेची मागा. समासावर रंगांचे ठिपके असतात, ते पुढे अभ्यासाला उपयोगी पडतात. दोन वेगवेगळी चित्रं जोडून छापलेली असतील, तर ती जोडी फाडू नका. सुटी झाल्यावर जोडी म्हणून तिची किंमत उरत नाही.

तिकीट प्रकाशनाच्याच दिवशी प्रत्येक पोस्टात पोचतं असं नाही. मुंबईच्या जीपीओसारख्या (मुख्य टपाल कार्यालयासारख्या) ठिकाणच्या फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या खास विभागात, आदल्या दिवशी चौकशी करा, सकाळी लवकर जा, सुटे पैसे बरोबर ठेवा. नेहमी संग्रह करणाऱ्यांनी ब्युरोत फिलाटेलिक डिपॉझिट खातं उघडावं. थोडी रक्कम आगाऊ भरून ठेवली की नवी तिकिटं घरपोच येतात आणि रांगेत उभं राहावं लागत नाही.

पिशवीत एक कडक पुठ्ठ्याची फाईल हवी, शीट न दुमडता मावेल एवढी मोठी. शिवाय ग्लासिनची (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाची) पाकिटं, सपाट टोकाचा चिमटा आणि आवरणात घालायला पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा. हा पुठ्ठा बहुतेक जण विसरतात. रिकाम्या आवरणाखाली टेबल खडबडीत असलं की शिक्का तुटक उमटतो. आत पुठ्ठा असला की तारीख स्वच्छ वाचता येते. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा आवरणावर पडायला हवा. काउंटरवर ते आधीच नम्रपणे सांगा. शाई तेलकट असते, त्यामुळे आवरणं लगेच एकावर एक ठेवू नका. दहा-पंधरा मिनिटं उघडी राहू द्या. नाहीतर वरच्या आवरणाच्या पाठीवर शिक्क्याची उलटी छाप उठते, आणि ती काही जात नाही.

पैसे देण्याआधी काउंटरवरच तिकीट उजेडात धरून पाहा. दाते (तिकिटाच्या कडेचे करवतीसारखे दात) चारही बाजूंनी पूर्ण आहेत का, चित्र मधोमध आहे का, मागचा डिंक एकसारखा आहे का? एखाद्या बाजूला दातेच नसतील किंवा रंग सरकलेला असेल, तर ते तिकीट परत करू नका, वेगळं ठेवा. छपाईतला दोष संग्राहकांना हवाच असतो. हाताने फाटलेला दाता मात्र दोष नव्हे, नुकसान.

घरी आणल्यावर खरा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. कोकण, मुंबई, गोव्यात जून ते सप्टेंबर डिंक ओलावा ओढतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात आणि दात्यांवर तपकिरी डाग पडतात. म्हणून शीट ग्लासिनशिवाय एकावर एक रचू नका, अल्बम आडवा न ठेवता उभा ठेवा, कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते ओलं झालं की बदला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तिकीट ठेवू नये, काळानुसार त्यातलं रसायन छपाईला चिकटतं. पिवळी चिकटपट्टी तर लांबच ठेवा. कोऱ्या तिकिटाला हिंज (अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी) लावला की डिंकावर खूण राहते, म्हणून पारदर्शक माउंट (तिकीट न चिकटवता आत सरकवायचा कप्पा) वापरा.

सुगंधी तिकिटं असतील, 2006 च्या चंदनाच्या तिकिटासारखी, तर ती वेगळ्या पाकिटात ठेवा. तोच नियम 2011 च्या खादीवर छापलेल्या गांधीजींच्या तिकिटाला. कापडाच्या कडेचे धागे सुटतात, चिमटा अगदी अलगद लावा.

आवरण कुणाला पाठवायचं असेल तर मोठ्या पाकिटात पुठ्ठ्यासह घालून पाठवा. उघडं टाकलं तर वाटेतले शिक्के आणि घड्या पडतात. शेवटी, पेन्सिलीने मागे खरेदीची तारीख, ठिकाण आणि दिलेली किंमत बारीक लिहून ठेवा. पण फक्त आवरणाच्या किंवा ग्लासिनच्या पाठीवर, तिकिटावर कधीच नाही.