कामाच्या व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा: कोकणातून तयारी करताना

क्लासची फी भरण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा: देश कोणता, व्हिसा कोणता, त्या व्हिसाला परीक्षा कोणती चालते. पैसे सगळ्यात जास्त बुडतात ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसाला साधी आयईएलटीएस (ऐकणं, वाचन, लेखन, बोलणं अशा चार भागांची इंग्रजी परीक्षा) चालत नाही, ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ म्हणजे ब्रिटिश व्हिसा खात्यासाठीची आयईएलटीएस लागते. प्रश्नांचं स्वरूप आणि गुणांची पद्धत सारखीच असली तरी नोंदणी वेगळी आहे. साध्या परीक्षेत ८ बँड (९ पैकी गुण) आले तरी त्या कागदाचा इथे उपयोग नाही. ८ जानेवारी २०२६ पासून नव्याने अर्ज करणाऱ्यांना युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची बी२ पातळी लागते, म्हणजे चारही भागांत किमान ५.५. कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेसाठी आयईएलटीएसचा जनरल ट्रेनिंग हा प्रकार (कामासाठी किंवा स्थलांतरासाठी जाणाऱ्यांचा) द्या आणि चारही भागांत ६ आणा. पण तिथे स्पर्धा गुणांची असते, म्हणून नजर सीएलबी ९ वर (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी) ठेवा: ऐकण्यात ८, बाकी तिन्हींत ७. घरबसल्या दिलेली ऑनलाइन परीक्षा या दोन्ही ठिकाणी चालत नाही. निकाल दोन वर्षं टिकतो.

नर्सिंग झालेल्यांनी आधी तिथल्या नर्सिंग कौन्सिलचा नियम बघावा. ब्रिटनमध्ये आयईएलटीएसच्या ॲकॅडमिक प्रकाराला ७ (लेखनात ६.५) किंवा ओईटी या आरोग्यसेवकांच्या इंग्रजी परीक्षेत बी श्रेणी (लेखनात सी प्लस) लागते, आणि कौन्सिलने तो निकाल मान्य केला की व्हिसासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. बोटीवर जाणाऱ्यांची मार्लिन्स परीक्षा मात्र या व्हिसांना उपयोगी नाही. गावात हा गैरसमज असेल तर वेळीच दूर करा.

एकूण बँडवर समाधान मानू नका. ऐकणं ७.५, वाचन ७, बोलणं ६.५ आणि लेखन ५ असेल तर एकूण ६.५ दिसतो, पण ब्रिटनसाठी तो नापासच. म्हणून तयारीचा निम्मा वेळ सगळ्यात कच्च्या भागाला द्या. आपल्याकडे तो बहुधा लेखन असतो.

लेखनाला ६० मिनिटं असतात. जनरलमध्ये पहिलं काम किमान १५० शब्दांचं पत्र, दुसरं किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाला दुप्पट वजन आहे, म्हणून पत्र २० मिनिटांत आटपा. पत्रात दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी एक जरी सुटला तरी गुण जातात. निबंधाची पहिली पाच मिनिटं नुसता आराखडा करा: मत कोणतं, दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण. उदाहरणं ओळखीची घ्या. हापूसची बाग, मासेमारीची जेटी, गणपतीला गावी येणारे चाकरमानी यांवर वाक्यं सुचतात. पाठ केलेला निबंध परीक्षकाला लगेच कळतो. परीक्षा संगणकावर असेल तर महिनाभर कीबोर्डवर टंकलेखन करा, कारण मोबाइलवर सराव केलेला हात ४० मिनिटांत २५० शब्दांवर अडकतो.

मराठीतून विचार केला की काही चुका ठरलेल्या असतात. मराठीत ‘द’ आणि ‘अ’सारखी उपपदं नाहीत, म्हणून ती गळतात. ‘मला दोन भाऊ आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होतं; बरोबर वाक्य ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘वन ऑफ माय’ नंतर अनेकवचन हवं: फ्रेंड नव्हे, फ्रेंड्स. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटं फक्त याच तीन चुका शोधायला ठेवा.

ऐकण्याची ध्वनिफीत एकदाच वाजते. ‘दोनच शब्दांत उत्तर’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले की उत्तर चूक, अर्थ बरोबर असला तरी. स्पेलिंगही तपासतात. बोलण्याची मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत सलग बोलणं. रोज एक विषय घेऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि कुठे थांबलात ते ऐका. उच्चार परदेशी करायची गरज नाही, शब्द स्पष्ट कळले पाहिजेत.

नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच हवं. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदला, मग तारीख घ्या. नोंदणीला दिलेलाच मूळ पासपोर्ट त्या दिवशी न्यायचा; आधार कार्डावर आत सोडत नाहीत.

कोकणातल्या बहुतेकांना केंद्रासाठी मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने धावतात, घाटात दरड कोसळते, म्हणून जून ते सप्टेंबरमधली तारीख शक्यतो टाळा. ती घ्यावीच लागली तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. त्याच सकाळी उतरणाऱ्या गाडीच्या भरवशावर राहू नका. बोलण्याची परीक्षा वेगळ्या दिवशी लागू शकते, तेव्हा परतीचं तिकीट तारखा पक्क्या झाल्यावरच काढा.

एकाच भागात कमी पडलात तर संगणकावरच्या आयईएलटीएसमध्ये तेवढाच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. कॅनडाच्या इमिग्रेशनला मात्र असा निकाल चालत नाही; तिथे चारही भाग नव्याने द्यावे लागतात, आणि तेवढे पैसे आधीच बाजूला ठेवावेत.