निळा जांभळा होऊ नये म्हणून

लग्नपत्रिकेचा गडद निळा स्क्रीनवर झकास दिसतो आणि छापून आला की वांग्यासारखा जांभळट. स्क्रीन रंग दाखवते प्रकाशाने, छपाईचं ऑफसेट मशीन चार रंगांच्या शाईने: सायन (आकाशी निळा), मजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा. म्हणून फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्येच, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत करा आणि निळ्यात मजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवा. सायन 100 असेल तर मजेंटा 65, मी तरी याच्या वर जात नाही.

बारीक काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, 100 टक्के. त्यात चारही रंग आले की एखाद्या रंगाची प्लेट (छपाईचा पत्रा) केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसते.

मॅपलिथो, म्हणजे चकचकीत थर नसलेला साधा कागद शाई पितो, रंग मंदावतात. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) त्याच कागदावर मागा आणि दिवसाच्या उजेडात बघा.